बसतो मामांची साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षी होतात. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं, ते ज्याने त्याने उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. पाळकसाहेब सुरुवातीलाच हात जोडून "दोनच मिनिटं हं" म्हणतात आणि माणसं वीस मिनिटांच्या खाली उतरत नाहीत. कुणाचा मूतखडा विरघळलेला असतो, कुणाच्या जावयाला दुबईचा व्हिसा मिळालेला असतो. हे सगळं आटपत आलं, की शेवटच्या बाकावरून एक उंच, किंचित वाकलेला माणूस पुढच्या बाकाला धरून उठायचा. "प्रभूची दया हाय," म्हणायचा. जरा थांबायचा. मग "बसतो," म्हणून बसायचा.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी सांगलीला आलो, तेव्हापासून ही साक्ष ऐकत आलो. तीत एक अक्षर कधी वाढलं नाही की कमी झालं नाही. मंडळीतल्या पोरांनी त्यांचं नाव 'बसतो मामा' ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की खरं नाव नोंदवहीत बघायला लागायचं. मामांनाही त्याचं काही वाटलं नाही. मी एकदा म्हणालो, "मामा, एवढीच साक्ष? जरा सविस्तर सांगा की." तर म्हणाले, "दिवसभर लेथवर उभा आस्तो, गड्या. देवाच्या घरात तरी बसू दे."

ते खरंच होतं. कुपवाडच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मामा लेथवर काम करायचे. समोरच्याच कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो, त्यामुळे दुपारचा डबा बऱ्याचदा त्यांच्याकडे. पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. शर्ट दोन, कामाचा तो जुना आणि चर्चचा तो जरा कमी जुना. चर्चमध्ये त्यांची जागा बंद पडलेल्या पंख्याखाली. मे महिन्यात घामाने निथळायचे, पण तिथून हलायचे नाहीत. "कुनीतरी बसायलाच पायजे की हितं," म्हणायचे. पंखा दुरुस्त करावा असं आम्हा पंचांच्या मनात, मामा तिथे बसत होते तोवर, कधी आलं नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी मी एक होतो, हे सांगायचं राहिलंच.

कामात त्यांची एक पद्धत होती. एखादा जॉब, म्हणजे लेथवर कापलेला सुटा भाग, मापात चुकला, केसाएवढा का होईना, की त्यावर खडूने फुली मारायची आणि तो ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवायचा. एकदा पुण्याहून मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. मालकाने मशिनं पुसून घेतली, दारात पाणी मारलं, आत येऊन बघतो तर ट्रेवर फुलीवाला जॉब.

"मामा, आज तरी खाली सारा की हो!"

"खाली सारला तर चांगल्या मालासंगं गाडीत चढंल, मालक."

"नुसता पॉलिश करून ठेवा. कोण बघतंय?"

"पॉलिशनं चकाकतंय. माप न्हाई बदलत."

गिऱ्हाईक आलं. फुलीवाला जॉब उचलून त्याने विचारलं, हा कुणाचा? मामा म्हणाले, "माझाच. सकाळी डोळा लागला हुता." मालक घामाघूम झाला. गिऱ्हाईकाने काम दिलं की नाही, ते मला आठवत नाही. दिलं असं सांगितलं तर गोष्ट छान होईल. पण मला तसल्या छान गोष्टींची सवय फार जुनी आहे, आणि ती मोडायला मला काय करावं लागलं तेच पुढे यायचं आहे.

तेव्हा आता माझ्या साक्षीकडे वळायला हवं. टाळून बघितलं, जमत नाही.

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, आई पहाटे उठून प्रार्थना करणारी. आमच्या घरात पापाची कायम टंचाई. साक्ष द्यायची पाळी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की प्रभूने मला कशातून बाहेर काढलं असं सांगायला माझ्याकडे काहीच नाही. एकच भांडवल होतं. कॉलेजात असताना मित्रांबरोबर म्हसवडच्या यात्रेला गेलो होतो. रथ बघून झाल्यावर कुणीतरी पिशवीतून बाटली काढली. मी दोन घोट घेतले आणि परतीच्या एस्टीत कंडक्टरच्या बुटांवर ओकलो. माझं पापी जीवन म्हणतात ते एवढंच, म्हसवडच्या स्टँडपासून पुढचे तीन थांबे.

पहिल्यांदा मी हे जसंच्या तसं सांगितलं. मागे दोन पोरं फिसकन हसली, पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं. पुढच्या वेळी दोन घोटांची एक बाटली झाली. पुढच्या बाकावरची एक म्हातारी "अरेरे" म्हणाली. त्या 'अरेरे'ची मला म्हसवडच्या दारूपेक्षा जास्त चढली. मग बाटलीचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. बघता बघता मी दहा वर्षांचा दारुडा झालो. तासगाव, विटा, कराड, सगळीकडून बोलावणी यायला लागली. साताऱ्याच्या एका सभेने तर माझा फ्लेक्स लावला. टाय घातलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'एके काळचा अट्टल दारुडा'. मी त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढून घेतला. वडील हयात नव्हते, हे बरंच झालं.

त्याच सभेत गोष्ट माझ्या हातून सुटली. बायकांची बाजू शांत बसलेली. रडू येईल असं वाटत होतं, पण येत नव्हतं. मला राहवेना. माझ्या तोंडून गेलं, "मी... माझ्या बायकोला मारायचो." आणि तो सगळा मांडव एकदम हुंदक्यांनी भरून गेला. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी मी बायकोला मारू लागलो. आपण स्वतः कुठे गहिवरायचं तेही ठरून गेलं. 'चुलीजवळ कोपऱ्यात ती बसलेली असायची', इथे आवाज कापायचा. आमच्या घरात लग्नापासून गॅस आहे.

आमच्या चर्चमध्ये ही वाढवलेली साक्ष दिली, त्या दिवशी लोक हात हातात घ्यायला रांगेने आले. मामा शेवटी आले. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "पॉलिश झकास झालंय, गड्या. माप घेतलंस का?" मला ती शाबासकी वाटली. मी घरी जाताना कुमुदला सांगितलंसुद्धा, की मामांना आवडलं.

कुमुद म्हणजे माझी बायको. हळूहळू तिचं महिला मंडळात जाणं बंद झालं, मग रविवारी तिचं डोकं दुखायला लागलं. मी सभांत इतका गुंतलेलो, की सलग पाच रविवार कुणाचं डोकं दुखतं याचा हिशोब मला लागला नाही. शेवटी मीच चिडून विचारलं, की पंचाची बायको चर्चला येत नाही, लोक काय म्हणतील?

भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "लोक काय म्हणतात ते मला विचारा. तिथं माझ्याशी आता कोणी बोलत नाही. नुसतं बघतात. परवा एकीनं माझी बाही वर करून बघितली. वळ आहेत का म्हणून. मी म्हटलं, अहो, ती माझी लस टोचल्याची खूण आहे. तर ती म्हणते, 'लपवू नका, ताई.'" मग जुडी खाली ठेवून म्हणाली, "दमले मी. तुम्ही न मारलेला मार खाऊन खाऊन दमले."

मी काय केलं? मी म्हणालो, "अगं, त्या साक्षीमुळे किती लोक दारूपासून वाचतात!" आज हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून माझा मेव्हणा आला. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, मिशा शाबूत. त्याला कुणीतरी माझ्या सभेचा व्हिडिओ पाठवला होता. चहा नको म्हणाला. बूट काढले नाहीत. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "दाजी, कवा मारलंत आमच्या ताईला?"

"छे, छे. मारलं नाही रे."

"मग हितं कोन बोलतंय? तुमचा जुळा भाऊ?"

"साक्षीत थोडं... रंगवावं लागतं."

"रंगवायला आमची ताई भिंत हाय व्हय?"

मी कुमुदकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मेव्हणा सावकाश म्हणाला, "दोनच गोष्टी हायत. मारलं आसंल, तर मी आत्ता हितंच बघून घेतो. मारलं नसंल, तर ज्या चर्चात उभं राहून सांगितलंत, तितंच उभं राहून खोटं हुतं म्हनून सांगा. तवर ताई माझ्याकडं साताऱ्याला राहील." आणि कुमुद उठली. तिची पिशवी भरलेलीच होती.

खोटं कबूल करायचं तर पंचपद जाणार, सभा जाणार, तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नाही करायचं तर कुमुद येणार नाही. एवढं सोपं गणित, पण मी दोन दिवस तिसरा रस्ता शोधत होतो. तो रस्ता मला मामांच्या रूपात दिसला. मेव्हणा सांगलीला आला की चर्चमध्ये मामांशेजारीच बसायचा, त्यांचा शब्द तो मोडणार नाही. मामांनी त्याला जरा समजवावं, की जाऊ द्या, माणूस मनाने वाईट नाही.

दुपारच्या सुट्टीत गेलो. मामांनी मशीन बंद केलं. लाकडाच्या भुशाने हातांचं तेल घासून काढलं, हात धुतले, पुसले. एवढ्यात माझं सगळं गाऱ्हाणं सांगून झालं. मामा स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तू सांगत फिरतोस ती साक्ष तुझी न्हवं, गड्या. ती माझी हाय."

मला कळलं नाही.

"म्या पीत हुतो. दहा वर्सं न्हवं, चौदा. म्या मारायचो तिला. एकदा हितं मारली," त्यांनी आपल्या डाव्या कानावर हात ठेवला, "तवापासनं तिला त्या कानानं ऐकू आलं न्हाई. मग ती म्हायेरी गेली. मला प्रभू भेटला, दारू सुटली, म्या आणाय गेलो. ती म्हनली, मला तुमचं काय ऐकूच येत न्हाई. तितंच वारली."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती. किक मारल्याचा आवाज येत राहिला.

मी विचारू नये ते विचारलं. "मग मामा, तुम्ही हे कधीच का नाही सांगितलं? ही तर खरी साक्ष आहे. लोक..."

"लोक रडतील. हात हातात घेतील. तुझा फ्लेक्स लावला तसा माझा लावतील." त्यांचा आवाज चढला नव्हता, नुसता थकलेला होता. "आन तिचा कान? तिच्या कानावर म्या मोठा हू? प्रभूची दया हाय, एवढंच माझं हाय, गड्या. बाकीचं समदं तिचं हाय. ते म्या कसं वाटू?"

डबा तसाच राहिला. मी उठलो तेव्हा त्यांनी माझी बाही धरली. "म्या गेल्यावर कुनाच्या उपेगी पडलं तर सांग. नाव नगं. आन उभं राहून नगं सांगू. सांगायचंच झालं तर बसून सांग."

पहिला रविवार आला. कुमुद भावाबरोबर आली होती. दोघं दाराजवळच्या बाकावर. मी उभा राहिलो. कबुली कशी द्यायची ते तीन दिवस पाठ केलं होतं, पण तोंड उघडलं आणि घशातून तो सभेतला कापरा आवाज आपोआप बाहेर आला. डोळ्यांत पाणीसुद्धा वेळेवर हजर. स्वतःच्या गळ्याची अशी किळस मला कधी आली नव्हती. मी थांबलो. पाणी प्यालो. मग बाजारात भाजीचा भाव सांगावा तसं म्हणालो, "मी आयुष्यात एकदाच दारू प्यालो. दोन घोट. कंडक्टरच्या बुटांवर ओकलो. कुमुदला मी कधी हात लावलेला नाही. तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. तिची बाही कुणी वर करू नये. मी पंचपद सोडतो."

आता चपला पडतात असं वाटलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरून कुणीतरी भरल्या गळ्याने म्हणालं, "केवढी ही नम्रता!" आणि लोक पुन्हा हात हातात घ्यायला रांगेने आले.

पण मेव्हणा बाहेर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आता चहा घेतो." कुमुदची पिशवी त्याच्या हातात होती. ती त्याने माझ्याकडे दिली.

खोड जात नाही ती नाहीच. दोन दिवसांनी साताऱ्याहून फोन आला. सभेवाले म्हणाले, "साहेब, ऐकलं आम्ही. खोट्या साक्षीची साक्ष! ही तर आधीपेक्षा भारी. हीच सांगा, फ्लेक्सवरचा मजकूर बदलून घेतो." मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण मी इतक्या विनयाने, इतक्या सुंदर शब्दांत नको म्हणत होतो, की पलीकडचा माणूस गहिवरायला लागला. कुमुदने हातातून मोबाइल घेतला आणि बंद केला. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांना मी पहिल्यांदा मोठ्याने हसताना बघितलं. लेथला टेकून हसले. "आरं लेका, चुकलेल्या जॉबलाबी पॉलिश!"

पुढच्या रविवारपासून कुमुद चर्चमध्ये माझ्या शेजारी बसू लागली आणि साक्षी सुरू झाल्या की माझ्या शर्टाचं मागचं टोक हातात धरून ठेवू लागली. ती म्हणते, सहज. मी उठायला लागलो की ते टोक ओढलं जातं.

मामांचे हात थरथरायला लागले, तसे त्यांनी स्वतःच मालकाला सांगितलं, की आता माप माझं मला कळत नाही. काम सोडलं, त्यानंतर वर्षभरच होते. शेवटी दवाखान्यात बघायला गेलो, तर कॉटवर उशीला टेकून बसलेले. म्हणाले, "लय उभा ऱ्हायलो, गड्या. आता बरं हाय." घरचं कुणी नव्हतं, पण मंडळीतले आळीपाळीने जात होतो. त्यांनी एकच बजावून ठेवलं होतं, की फ्लेक्स लावायचा नाही.

दफनविधीला चर्च भरलं. कुपवाडहून वर्कशॉपची माणसं दुचाक्यांवरून कामाच्या कपड्यांतच आली होती. मालक शेवटच्या बाकावर, त्या बंद पंख्याखाली येऊन बसला आणि घाम पुसत वर बघत राहिला. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. दोन शब्द बोला. मंडळीत एवढ्या सभा गाजवलेला दुसरा कोण होता?

मी उठलो आणि उठता उठता माझ्या लक्षात आलं, की दोन्ही जिल्ह्यांत कुणाकडे नाही अशी साक्ष आत्ता माझ्या एकट्याच्या तोंडात आहे. चौदा वर्षं. तो कान. 'मला तुमचं काय ऐकूच येत न्हाई.' कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं मला उभ्या उभ्या दिसलं. सगळं चर्च रडलं असतं. खरं सांगायचं तर मी तोंड उघडलंही होतं. मागे शर्ट ओढला गेला. जोरात नाही, नेहमीसारखाच. कुमुदला त्या कानाबद्दल तेव्हा काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त माझी पाठ माहीत होती.

"प्रभूची दया आहे," मी म्हणालो. "बसतो."

मागून कुणीतरी नाराजीने कुजबुजलं, "एवढंच?"

त्यानंतर मी कुठल्या सभेला गेलो नाही. आता गुडघेही उभं राहू देत नाहीत, आणि एकेकाळी मी किती बोललो ते आठवूनच दमायला होतं. मामांचं हे मात्र मनात राहिलं. कुणा एका घरात, कुणा एकाचा हात उगारलेला असताना उपयोगी पडलं तर पडेल, म्हणून लिहिलं. नाव लिहिलेलं नाही. टोपणनावही मंडळीत वेगळंच होतं, ते बदललं आहे. लिहून झालेले कागद कुमुदला वाचायला दिले. तिने चष्मा लावून सगळे वाचले आणि चार ठिकाणी पेन्सिलीने फुल्या मारल्या. कंडक्टरच्या जागी मी फौजदार लिहिला होता. बाकीच्या तीनही तशाच. त्या दुरुस्त करून घेतल्या आहेत.

मामा, हे सगळं मी बसून लिहिलंय.